फाइलची खिडकी अडकली, आपले दप्तर नाही

संगणक शिकू या : फाइल एक्सप्लोरर सारखा हँग होत असेल तर काय करायचे?



मार्च संपला की आपल्या संघाच्या कार्यालयात बसायला जागा उरत नाही. वर्षाचा जमाखर्च जुळवायचा, ऑडिटची तयारी करायची, बँकेत द्यायच्या कर्ज प्रकरणांची कागदपत्रे काढायची. जळगाव-धुळ्याकडे याच दिवसांत पारा ४२-४३ च्या पुढे जातो, दुपारी लाइट जाते-येते आणि नेमका तेव्हाच संगणक रुसून बसतो. पिवळ्या फोल्डरवर क्लिक केले की निळा गोल नुसता फिरत राहतो. खिडकी पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे उमटते. कधी तर सगळी खिडकी आपोआप बंद होते. शेजारी बसलेली ताई विचारते, "काय व्हयनं व माय?" आणि आपल्या पोटात गोळा येतो. गेला का सगळा हिशोब?

आजचा पाठ याच प्रश्नावर आहे. उत्तर आधीच सांगून ठेवते : बहुतेक वेळा हिशोब कुठेही गेलेला नसतो. तो जातो नंतर, म्हणजे आपण घाबरून बटण दाबून संगणक बंद करतो तेव्हा, किंवा कुणीतरी "फॉरमॅट मारून देतो" म्हणतो आणि आपण मान डोलावतो तेव्हा. म्हणून खिडकी का अडकते, अडकली की पहिल्यांदा काय करायचे आणि दुखणे नेमके कुठे आहे हे कसे ओळखायचे, ते आज शिकू.

दप्तर म्हणजे आपले तारण

संगणकाच्या पाठात बँकेची गोष्ट कशाला, असे वाटेल. पण मुद्दा तिथेच आहे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गटाला कर्ज मिळते ते गटाच्या वागणुकीवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या नावावर ना शेत आहे ना घर. मग बँकेचे साहेब कशावर विश्वास ठेवतात? आपल्या पंचसूत्रीवर. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवे सूत्र, नियमित हिशोब लेखन. पहिली चार सूत्रे तुम्ही पाळली, हे दाखवते ते पाचवे.

आता हे पाचवे सूत्र वहीसोबत संगणकातही शिरले आहे. गटांचे ठराव, सभासदांची यादी, पासबुकाच्या प्रती, परतफेडीचे तक्ते, पापड-बिबड्यांच्या ऑर्डरी, प्रदर्शनासाठी काढलेले फोटो, सगळे त्या पिवळ्या फोल्डरांत आहे. म्हणून संगणक अडकला की तो एकट्या ऑपरेटर ताईचा प्रश्न राहत नाही. वीस-पंचवीस गटांचे दप्तर त्यात असते. अध्यक्ष, सचिव, लिपिका, सगळ्यांना याची थोडी तरी माहिती हवी.

हा फाइल एक्सप्लोरर आहे तरी कोण?

आपल्या घरी धान्याची कोठी असते. समजा, कोठीघराची किल्ली एका बाईच्या कमरेला आहे. ज्वारी कुठे, दादर कुठे, उडीद कुठल्या डब्यात, हे तिला माहीत. आपण मागितले की ती आणून देते. एखाद्या दिवशी उन्हाने तिला भोवळ आली, तर कोठीतली ज्वारी नाहीशी होते का? नाही. ज्वारी जागेवरच असते. देणारी तेवढी बसून राहते.

संगणकातली ही किल्लीवाली म्हणजे फाइल एक्सप्लोरर. तुमच्या फाइली साठतात त्या हार्ड डिस्कवर. एक्सप्लोरर त्या फक्त दाखवतो, उघडून देतो, इकडच्या तिकडे नेतो. १९९५ मध्ये विंडोज ९५ आले तेव्हा त्याचे नाव विंडोज एक्सप्लोरर होते. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्याला फाइल एक्सप्लोरर म्हणू लागले. पण संगणकाच्या पोटात त्याचे जुने नाव अजून चालते, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. खालची पट्टी, स्टार्टचे बटण आणि समोरच्या पडद्यावरची चित्रेसुद्धा हाच एक्सप्लोरर सांभाळतो. म्हणून तो अडकला की सगळा संगणकच बंद पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मागे उघडलेली तुमची एक्सेलची फाइल ठणठणीत असू शकते.

अडकला की पहिली पाच मिनिटे

१. हात आवरा. चिडून दहा वेळा क्लिक करू नका. प्रत्येक क्लिक म्हणजे अडकलेल्या बाईला दिलेले आणखी एक काम. दोन मिनिटे थांबा. मोठा फोल्डर किंवा मोठी फाइल असेल तर खिडकी कधी कधी आपणहून मोकळी होते.

२. मुख्य बटण दाबून संगणक बंद करू नका, वायर ओढू नका. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तोडली तर धडधाकट फाइलसुद्धा खराब होऊ शकते.

३. एक्सेल किंवा वर्ड उघडे असेल तर आधी तिकडे जा. की-बोर्डवर ऑल्ट दाबून धरा आणि टॅब दाबा, एकेक उघडी खिडकी पुढे येईल. तिथे कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करा.

४. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर नावाची यादी उघडेल. छोटी खिडकी आली तर तळाशी 'मोअर डिटेल्स' असेल, त्यावर क्लिक करा. यादीत पिवळ्या फोल्डरच्या चित्राशेजारी 'विंडोज एक्सप्लोरर' हे जुने नाव दिसेल. त्यावर एकदा क्लिक करा. विंडोज १० मध्ये उजवीकडे खाली 'रिस्टार्ट' असते, विंडोज ११ मध्ये वरच्या बाजूला 'रिस्टार्ट टास्क' असते. ते दाबा.

पडदा क्षणभर लुकलुकेल, खालची पट्टी जाईल आणि परत येईल. भिऊ नका. किल्लीवालीच्या तोंडावर पाणी मारून तिला पुन्हा उभे केले, एवढेच झाले. सेव्ह केलेल्या फाइलींना याने धक्का लागत नाही. मात्र त्या वेळी एक्सप्लोररमधून पेनड्राइव्हवर कॉपी चालू असेल तर ती अर्धवट राहते. ती कॉपी पुन्हा करा आणि पुरी झाली की नाही हे फाइल उघडून बघा.

५. चुकून 'एंड टास्क' दाबले आणि पडदा काळा झाला, खालची पट्टी परत आलीच नाही, तरी काही बिघडले नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'रन न्यू टास्क' शोधा. विंडोज १० मध्ये ते वर डावीकडच्या 'फाइल' मध्ये असते. येणाऱ्या रकान्यात इंग्रजीत एक्सप्लोरर हा शब्द लिहा आणि एंटर दाबा.

हे सगळे करूनही हललेच नाही, तर शेवटचा उपाय म्हणून कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. उजव्या कोपऱ्यात खाली पॉवरचे चिन्ह दिसेल, तिथून रिस्टार्ट करा.

सुरू झाल्या झाल्या पहिले काम : प्रत काढा

खिडकी मोकळी झाली की आपण सुस्कारा टाकतो आणि परत कामाला लागतो. तसे करू नका. ज्या संगणकाला आठवड्यात दोनदा भोवळ येते, त्याच्यावर भरवसा ठेवून दप्तर सोडता येत नाही. दुरुस्तीच्या आधी प्रत काढायची.

महत्त्वाचे फोल्डर, म्हणजे ठराव, जमाखर्च, सभासद यादी आणि कर्ज प्रकरणे, एका चांगल्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. दुसरी प्रत संघाच्या ईमेलच्या ड्राइव्हवर चढवा. इंटरनेट मंद असेल तर फोटो राहू द्या, आधी हिशोबाच्या फाइली. त्या आकाराने लहान असतात, पटकन जातात. दोन्ही प्रती एकाच टेबलाच्या खणात ठेवल्या तर ती एकच प्रत झाली. एक कार्यालयात, एक दुसरीकडे. आणि संगणक कितीही चांगला असला तरी कागदी किर्द लिहिणे सोडायचे नाही. ती तिसरी प्रत.

दुखणे कुठे आहे? नोंद सांगेल

डॉक्टर काय विचारतात? कधीपासून दुखते, कुठे दुखते, काय खाल्ल्यावर दुखते. संगणकालाही तेच विचारायचे. आणि नोंद ठेवण्यात आपला हात कोण धरेल? जिला किर्द लिहिता येते, तिला संगणकाचे दुखणेही लिहिता येते.

एका वहीत पाच रकाने आखा : तारीख आणि वेळ, तेव्हा मी काय करत होते, कुठला फोल्डर उघडा होता, पेनड्राइव्ह लावला होता का, पडद्यावर काय अक्षरे आली. अक्षरे इंग्रजीत असतील तर मोबाइलने फोटो काढून ठेवा. आठ-दहा नोंदी झाल्या की आपल्यालाच त्यातली जोडणी दिसू लागते. सर्वसाधारणपणे खालच्या पाचांपैकी एक गोष्ट निघते. एका वेळी एकच उपाय करा, दोन-तीन दिवस बघा, मग पुढचा. सगळे एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिली गोष्ट : एकाच फोल्डरमध्ये अडकतो

बाकी सगळे नीट चालते, पण 'फोटो' किंवा 'डाउनलोड्स' उघडले की गोल फिरतो. आपल्याकडे हे फार होते. प्रदर्शनाचे, बैठकीचे, प्रशिक्षणाचे फोटो आणि व्हिडिओ मोबाइलमधून येतात आणि सगळे एकाच फोल्डरमध्ये ओतले जातात. उघडताना एक्सप्लोरर प्रत्येक फोटोचे छोटे चित्र बनवायला बसतो. हजार-दोन हजार फोटो असले की त्याची दमछाक होते. त्यातला एखादा व्हिडिओ अर्धवट उतरलेला, म्हणजे खराब असेल, तर तो तिथेच अडून बसतो.

उपाय : छोटी चित्रे बनवणे बंद करा. एक्सप्लोररमध्ये वर 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'ऑप्शन्स' उघडा. विंडोज ११ मध्ये वरच्या तीन टिंबांत 'ऑप्शन्स' सापडेल. तिथे 'व्ह्यू' नावाच्या पानावर पहिल्या काही ओळींत 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' असे असते. त्याच्या चौकोनात खूण करा आणि 'ओके' म्हणा. फोटोऐवजी नुसती चिन्हे दिसतील, पण फोल्डर झटकन उघडेल.

यानंतर फोटो वर्षाप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे वेगळे करा. केळीचे घड सगळे एकाच ढिगात टाकत नाही ना आपण? तसेच हे. तरीही फोल्डर मंद असेल तर त्यावर माऊसचे उजवे बटण दाबा, 'प्रॉपर्टीज' मध्ये 'कस्टमाइज' या पानावर जा आणि 'जनरल आयटम्स' निवडा.

दुसरी गोष्ट : उघडतानाच अडकतो

कुठलाही फोल्डर निवडण्याआधीच, पहिल्याच क्षणी अडकतो. एक्सप्लोरर उघडला की आधी अलीकडे वापरलेल्या फाइलींची यादी दाखवायला बघतो. त्या यादीतली एखादी फाइल काढून घेतलेल्या पेनड्राइव्हवर किंवा बंद असलेल्या दुसऱ्या संगणकावर असेल, तर तो तिची वाट बघत बसतो.

उपाय : पुन्हा 'ऑप्शन्स' उघडा. पहिल्या पानावर सगळ्यात वर 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' असेल, तिथे 'धिस पीसी' निवडा. त्याच पानावर खाली 'क्लिअर' चे बटण आहे, ते दाबा. याने फक्त अलीकडची यादी पुसली जाते, फाइली नाही. एक्सप्लोरर इतका अडकत असेल की 'ऑप्शन्स' पर्यंत पोहोचताच येत नाही, तर स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स' लिहा, तीच खिडकी उघडेल.

तिसरी गोष्ट : पेनड्राइव्ह लावला की अडकतो

गावोगावचे पेनड्राइव्ह आपल्या कार्यालयात येतात. झेरॉक्सच्या दुकानात लागलेला, शाळेत लागलेला, मग आपल्याकडे. आधी तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावून बघा. मग दुसरा पेनड्राइव्ह त्याच खाचेत लावून बघा. दुसरा नीट चालला तर दोष पहिल्या पेनड्राइव्हचा, आणि कुठलाच चालत नसेल तर खाचेचा.

पेनड्राइव्हमध्ये आपल्या फोल्डरच्या जागी बाणाचे चिन्ह असलेले शॉर्टकट दिसत असतील, तर तो व्हायरस असण्याची दाट शक्यता आहे. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून पेनड्राइव्ह आणि संगणक दोन्ही तपासून घ्या. अशा व्हायरसमध्ये मूळ फाइली पुष्कळदा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात. जाणकार माणूस त्या परत दाखवू शकतो.

कधी पडद्यावर विचारणा येते की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का. आत कामाच्या फाइली असतील तर 'कॅन्सल' दाबा आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. आणि रोजची सवय म्हणून, पेनड्राइव्ह काढताना आधी 'इजेक्ट' करा, मग हात लावा.

चौथी गोष्ट : माऊसचे उजवे बटण दाबले की अडकतो

फाइलवर उजवे बटण दाबले की एक यादी उघडते. आपण नवे प्रोग्राम टाकतो, फाइली दाबून लहान करणारे किंवा फुकटचे अँटिव्हायरस, तेव्हा ते आपापली ओळ त्या यादीत घुसवतात. त्यातला एखादा प्रोग्राम जुना किंवा बिघडलेला असला की तो एक्सप्लोररलाच घेऊन पडतो.

उपाय : नोंदवहीत बघा, हे कधीपासून सुरू झाले? त्याच सुमाराला कुठला प्रोग्राम टाकला? 'सेटिंग्ज' मध्ये 'अॅप्स' ची यादी आहे, ती तारखेप्रमाणे लावता येते. अलीकडचा, नको असलेला प्रोग्राम तिथून 'अनइन्स्टॉल' करा. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एकच ठेवा. मुलांनी गेम टाकले असतील तर तेही काढा. कार्यालयाचा संगणक कार्यालयाचाच राहू द्या. मात्र ज्याचे नाव ओळखीचे नाही आणि जे कशाचे आहे ते समजत नाही, ते अंदाजाने काढू नका, विचारून काढा.

पाचवी गोष्ट : कुठेही, कधीही अडकतो

काहीच ठरावीक नाही, सगळेच मंद. मग बघायच्या चार जागा आहेत.

जागा : 'धिस पीसी' उघडा. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर डिस्क भरत आली आहे. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' असे जा. इथे एक सावधगिरी बाळगा. पुसण्याच्या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. आपल्या कितीतरी पावत्या आणि अर्ज तिथेच पडलेले असतात. त्याच्यापुढे खूण असेल तर ती काढा, मगच पुसा. 'रिसायकल बिन' पुसण्याआधीही एकदा आत डोकावून बघा.

ऊन आणि धूळ : कापसाच्या दिवसांत उडणारी तूस, फुफाटा, सगळे संगणकाच्या पंख्यात जाऊन बसते. पंखा अडला की आतले भाग तापतात आणि संगणक मंदावतो किंवा बंद पडतो. नोंदवहीत अडकण्याच्या वेळा दुपारी १२ ते ४ मध्येच येत असतील तर आधी याचा संशय घ्या. संगणक पत्र्याला लागून किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा आणि वर्षातून दोनदा आतली धूळ जाणकाराकडून साफ करून घ्या. उन्हाळ्यात जड काम सकाळी उरका.

वीज : लाइट अचानक गेली की डिस्कवर लिहिणे अर्धवट तुटते आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइलीही खराब होऊ शकतात. यूपीएस हवाच. तो तास-दोन तास काम करण्यासाठी नाही, तर सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता आहे. दोन मिनिटेही टिकत नसेल तर त्याची बॅटरी बदला. अर्थिंगही एकदा तपासून घ्या.

डिस्क : संगणकातून टक-टक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर डिस्क म्हातारी झाली आहे. कुठलीही तपासणी करत बसू नका, फाइलींची प्रत काढा, संगणक बंद करा आणि डिस्क बदलायला द्या. आवाज नसेल तर सी ड्राइव्हवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' असे करून डिस्क तपासता येते. जुनी फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवली तर जुना संगणकही चांगला वेग धरतो. नवा संगणक घेण्याआधी हा खर्च विचारून बघा.

एवढे बघूनही त्रास राहिला तर विंडोजच्या फाइली दुरुस्त करायची एक आज्ञा आहे. शोधपट्टीत इंग्रजीत सीएमडी लिहा. 'कमांड प्रॉम्प्ट' येईल, ते 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडा. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरे टाका : एस-एफ-सी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू. तिरपी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती. एंटर दाबा. अर्धा तासही लागू शकतो, म्हणून लाइट पक्की असेल तेव्हाच करा आणि मध्ये बंद करू नका.

आपले विंडोज किती जुने आहे तेही बघा. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर लिहा. विंडोज ७ ला कंपनीची मदत १४ जानेवारी २०२० ला संपली आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला. मदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही, पण नव्या व्हायरसपासूनची राखण कमी होते. अशा संगणकावर बँकेचे पासवर्ड टाकू नका आणि बदलण्याचा विषय पुढच्या सभेत घ्या.

दुकानात नेताना

काही वेळा दुकानात न्यावेच लागते, त्यात कमीपणा नाही. पण 'फॉरमॅट' हा शब्द नीट समजून घ्या. कोठी साफ करायची म्हणून आतली ज्वारीसुद्धा उकिरड्यावर टाकणे, म्हणजे फॉरमॅट. संगणक नव्यासारखा पळतो हे खरे, पण रिकामा होऊन पळतो. नव्या विंडोजची गरज असेलही, पण ती शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

संगणक देण्याआधी या गोष्टी करा :

– प्रत काढली का आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघितली का? न उघडलेली प्रत मोजू नका.

– "आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही" हे दुकानदाराच्या पावतीवर लिहून घ्या.

– नोंदवहीचे पान दाखवा. "हँग होतो" एवढेच सांगण्यापेक्षा "पेनड्राइव्ह लावला की हँग होतो" असे सांगितले तर दुरुस्ती लवकर होते आणि नको ते भाग बदलले जात नाहीत.

– सभासदांच्या आधारच्या, पासबुकाच्या प्रती आत असतील तर शक्यतो समोर बसून दुरुस्ती करून घ्या. ते फोटो आपल्या बायाबापड्यांच्या विश्वासाने आपल्याकडे आलेले आहेत. जुनी डिस्क बदलली तर ती परत मागून घ्या.

– परत आल्यावर पावतीवर सही करण्याआधी तीन फोल्डर उघडून बघा.

बैठकीत करून बघा

पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास या पाठासाठी ठेवा. एकीने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून एक्सप्लोरर रिस्टार्ट करून दाखवावा आणि मग प्रत्येकीने एकेकदा करावा. संगणक चांगला चालत असतानाच ही सवय करून घ्या. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

मग या तीन प्रश्नांवर चर्चा करा :

१. आपल्या संघाच्या दप्तराची शेवटची प्रत कोणत्या तारखेला काढली? ती आत्ता कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे?

२. ऑपरेटर ताई आठ दिवस माहेरी गेली तर संगणकाचा पासवर्ड आणि फोल्डरांची माहिती आणखी कुणाला आहे?

३. दर महिन्याला कोणत्या दिवशी प्रत काढायची? तो दिवस ठरवा, कोण काढणार ते ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहून सह्या घ्या.

तिसऱ्या प्रश्नाचा ठराव झाला तर हा पाठ पूर्ण झाला असे समजा. खिडकी पुढेही कधीतरी अडकेल. पण हिशोबाची प्रत कपाटात आहे हे माहीत असलेली ताई घाबरत नाही. ती वही उघडते, तारीख टाकते आणि लिहायला लागते : "आज दुपारी सव्वादोनला अडकला. फोटोचा फोल्डर उघडा होता."